मॅन्टिकोर हवेत, फायटर जमिनीवर: तलवार-भाल्याने काय करता येईल?

छप्पनचा_फासा:
मंडळी, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा पात्रांचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. पार्टी पाचव्या लेव्हलची आहे: ग्लेव्हवाला (लांब दांड्याचं पातं) फायटर, ग्रेटअ‍ॅक्सवाली बार्बेरियन, क्लेरिक आणि विझर्ड. पुढच्या सेशनचा नकाशा आपल्या इंदूरच्या राजवाड्यावरून बेतलाय. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, मध्ये चौक, आणि चौकावर मॅन्टिकोर (पंखवाला, काटेरी शेपटीचा राक्षस) घिरट्या घालणार. त्याचे शेपटीचे काटे १०० फुटांपर्यंत सरळ लागतात, मग तो ८० फुटांवरून खाली येईलच कशाला? फायटर आणि बार्बेरियन टर्नमागून टर्न रिकामे बसतील अशी काळजी आहे. फायटरची स्ट्रेंग्थ १८, डेक्स्टेरिटी १०, त्यामुळे त्याच्या हाती धनुष्य देण्यात अर्थ नाही. उपाय सुचवा.

जॅव्हलिन_जवळ_ठेवा:
आधी काटे मोजा. मॅन्टिकोरकडे २४ काटे असतात, एका टर्नला तीन उडवतो, म्हणजे ८ टर्नमध्ये भाता रिकामा. लाँग रेस्टशिवाय (रात्रभराच्या विश्रांतीशिवाय) ते परत येत नाहीत. पार्टी कमानींच्या आत सरकली की त्याला नेम धरायला कुणी दिसत नाही. मग एकतर तो चौकात उतरतो, नाहीतर निघून जातो. हे खेळाडूंना कळायला हवं, म्हणून प्रत्येक वेळी "तीन काटे सुटले, शेपूट विरळ दिसतेय" असं मोठ्याने सांगा.

जॅव्हलिनचं गणित असं: पल्ला ३०/१२० फूट, म्हणजे ३० पर्यंत सरळ, १२० पर्यंत अवघड. ८० फुटांवर डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. म्हणजे दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा. फायटर २० बाजूंच्या फाशात +७ मिळवतो, मॅन्टिकोरचा एसी (लागण्यासाठी गाठायचा आकडा) १४, म्हणजे एरवी ७० टक्के लागणारा फेक ४९ टक्क्यांवर येतो. तरी रिकाम्या टर्नपेक्षा खूप बरा. अडचण हत्यार काढण्याची. टर्नला एकच वस्तू फुकट काढता येते, त्यामुळे दोन हल्ले असूनही दुसऱ्या टर्नपासून एकच जॅव्हलिन सुटतो. ग्लेव्ह म्यानात घालत बसू नका, सरळ खाली टाका, त्याला काही खर्च नाही. २०२० च्या ताशाच्या पुस्तकातली (टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) थ्रोन वेपन फायटिंग स्टाइल घेतली तर काढण्याचा प्रश्नच मिटतो. बार्बेरियनच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, २०१४ च्या नियमात रेजचं (तिच्या संतापाच्या अवस्थेचं) जादा डॅमेज फेकलेल्या हत्याराला मिळत नाही.

चौथा_मजला:
जॅव्हलिन ठीक, पण माझ्या मते प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवायला हवा. तलवार वर नेण्यापेक्षा शत्रूला खाली आणा आणि खालीच ठेवा. नियम स्पष्ट आहे: उडणारा प्राणी प्रोन (आडवा) झाला किंवा त्याचा स्पीड शून्य झाला की तो पडतो. अपवाद फक्त ज्यांना होव्हर (जागीच तरंगणं) आहे किंवा जे जादूने तरंगतात त्यांचा. मॅन्टिकोरला होव्हर नाही.

विझर्डकडे फ्लाय स्पेल असेल तर तो बार्बेरियनवर टाका. तिचा उडण्याचा स्पीड ६० होतो, मॅन्टिकोरचा ५०. जवळ गेल्यावर कुऱ्हाड चालवायची नाही, एका हल्ल्याच्या जागी शव्ह करायचा, म्हणजे ढकलून पाडायचं. रेजमुळे अ‍ॅथलेटिक्सवर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो (दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा), आणि मॅन्टिकोर लार्ज असल्याने मीडियम आकाराच्या पात्राला तो ढकलता येतो. ८० फुटांवरून पडला की डॅमेज ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८. त्याचे एकूण हिट पॉइंट ६८.

इथेच बहुतेक टेबलांवर घोटाळा होतो. पडलेला मॅन्टिकोर आपल्या टर्नला २५ फूट खर्चून उठतो आणि उरलेल्या २५ फुटांत परत वर जातो. म्हणून बार्बेरियननंतर आणि मॅन्टिकोरच्या आधी फायटरचा टर्न यायला हवा, नाहीतर त्याने अ‍ॅक्शन रेडी करून ठेवायला हवी (ठराविक घटना घडताच करायची म्हणून राखून). त्याने चौकातच उभं राहावं, पडल्या पडल्या त्याला ग्रॅपल करावं, म्हणजे धरून ठेवावं. स्पीड शून्य, म्हणजे उठताच येत नाही. आता ग्लेव्ह उपयोगाची नाही, ती दोन हातांची आहे. शिवाय प्रोन शत्रूवर ५ फुटांच्या आतून अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, १० फुटांवरून मारलं तर उलट डिसअ‍ॅडव्हान्टेज. कमरेला लाँगस्वर्ड हवीच. ग्रॅपल एका हल्ल्यात बसला आणि टर्न त्याचा स्वतःचा असला, तर दुसरा हल्ला तिने.

फ्लायमधला धोका: विझर्डला एक काटा लागून कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवणारी एकाग्रता) तुटलं की बार्बेरियन स्वतः ८० फूट खाली. विझर्डला कमानीखाली ठेवा.

दुसरा पर्याय अर्थबाइंड. दुसऱ्या लेव्हलचा, पल्ला ३००. त्यात तो पडत नाही, फेरीला ६० फूट सुखरूप उतरतो, म्हणजे पडण्याचं डॅमेज नाही. पण सेव्ह (स्पेल टाळण्याचा फासा) चुकला की कुणाला वर जावं लागत नाही. विझर्डचा डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १५ धरला तर मॅन्टिकोरचा स्ट्रेंग्थ सेव्ह ५५ टक्के वेळा फसतो.

आणि तुमचा नकाशा असा आहे की एक गोष्ट सांगायलाच हवी. ताशाच्या पुस्तकात पडणाऱ्याने दुसऱ्याला धडक देण्याचा नियम आहे. मॅन्टिकोर चौथ्या मजल्याच्या सज्जाखालून गेला आणि फायटरने वरून उडी घेतली, तर मॅन्टिकोरने डीसी १५ चा डेक्स्टेरिटी सेव्ह करायचा. चुकला तर डॅमेज दोघांत अर्धं-अर्धं, आणि तो प्रोन होतो, कारण तो फायटरपेक्षा एकच साइज मोठा आहे. प्रोन म्हणजे दोघंही खाली. त्याचा सेव्ह +३, म्हणजे हाही ५५ टक्के वेळा फसतो. धडकेनंतर विझर्डने टर्नची वाट न बघता रिअ‍ॅक्शनमध्ये फेदर फॉल (पडणं सावकाश करणारा स्पेल) फक्त फायटरवर टाकावा. सेव्ह जमला तर फायटर एकटाच पडतो, तेव्हाही तोच स्पेल कामाला येतो. मात्र फ्लाय चालू असताना विझर्डकडे पहिल्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकण्याची संधी) शिल्लक आहे ना, ते आधी बघा.

पेरिटन_शिकारी:
उत्तम माहिती. रेडी अ‍ॅक्शनबद्दल भर घालतो, कारण ती चुकीच्या शब्दांत मागितली जाते. "तो हल्ला करेल तेव्हा मारतो" असं म्हटलं तर त्याचा पंजा बसल्यावर तुमचा वार. "तो माझ्या टप्प्यात येताच मारतो" असं म्हणा, मग आधी तुमचा वार. यात रिअ‍ॅक्शन जाते आणि एक्स्ट्रा अटॅक मिळत नाही, तो फक्त स्वतःच्या टर्नला मिळतो. त्यामुळे त्या एकमेव वारात डॅमेजपेक्षा ग्रॅपल फायद्याचा.

हे मॅन्टिकोरला चालतंच, पण खरी गरज पेरिटनसारख्या फ्लायबायवाल्यांसमोर पडते. ते टप्प्यातून निघताना अपॉर्च्युनिटी अटॅक मिळत नाही, (शत्रू टप्प्याबाहेर जाताना मिळणारा फुकट वार), सेंटिनल फीट (पात्राचं खास कौशल्य) असली तरी नाही, कारण ती डिसएंगेजवर मात करते, फ्लायबायवर नाही. ५ फुटांतल्या शत्रूने साथीदारावर हल्ला केला तर सेंटिनलवाल्याला वार मिळतो, पण त्या वाराने स्पीड शून्य होत नाही.

छप्पनचा_फासा:
सज्जावरून उडीचा नियम माहीत नव्हता, नकाशात सज्जे वाढवतो. २०२४ च्या नियमांवर गेलो तर काय बदलेल? आणि जाळं?

जॅव्हलिन_जवळ_ठेवा:
२०१४ चं जाळं नको. पल्ला ५/१५. ५ फुटांपलीकडे लाँग रेंजचा डिसअ‍ॅडव्हान्टेज, ५ फुटांत शत्रू शेजारी असल्याचा.

२०२४ मध्ये तुमच्या फायटरचं हत्यार ठरलेलं: ट्रायडंट. फेकता येतो, पल्ला २०/६०, आणि टॉपल मास्टरी (हत्याराची पाडण्याची खास खुबी) आहे. लागला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, चुकला की प्रोन, म्हणजे उडणारा खाली. टॉपलला आकाराची मर्यादा नाही. फेकायचं हत्यार हल्ल्यातच काढता येतं, म्हणून चार-पाच जवळ ठेवावेत. जॅव्हलिनला स्लो मास्टरी आहे, स्पीड १० फुटांनी कमी. रेजचं डॅमेजही स्ट्रेंग्थने फेकलेल्या हत्याराला लागू होतं.

चौथा_मजला:
फक्त ६० फुटांचा पल्ला लक्षात घ्या. चौकातून ८० फुटांवरचा मॅन्टिकोर ट्रायडंटच्या टप्प्यात येत नाही. मजला १० फुटांचा धरला तर चौथ्या मजल्याची जमीन ३० फुटांवर, तिथून वरचं अंतर ५०. तो आडवा ४० फूट लांब असेल तर तिरकं अंतर साधारण ६४, म्हणजे पुन्हा बाहेर. पाचव्या मजल्यावरून तेच ५७ भरतं. फायटरला जिन्याची वाट पहिल्याच टर्नला दिसेल अशी ठेवा.