प्रतिसाद: चमच्यांची लाकडी पेटी

भाऊ, वावरात डब्यासोबत चमचे न्यायला तुम्ही पेटी करताय हे वाचून फार बरं वाटलं. झाकण बिजागरीचं की सरकतं, असं विचारलंत. सरकतंच करा. बिजागरी थैलीत अडकते आणि गंजतेही.

वर एकांनी बिज्याचं लाकूड सुचवलंय. ते मजबूत आहे, पण ओल लागली की रंग सोडतं, त्यामुळे चमच्यांसाठी मी ते घेणार नाही. आपल्याकडे वाढयाजवळ, म्हणजे सुताराकडे, सागाचे किंवा शिवणीचे तुकडे सहज मिळतात. शिवण हलकी, वाकतही नाही. आतून २१ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद जागा पुरते.

खरं काम झाकणाच्या खाचेत आहे. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं फुगतं. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या उन्हात झाकण घट्ट बसवलं, तर मृगाच्या पावसात ते हलणारच नाही. म्हणून रेषा लांबीत ठेवा आणि रुंदीत मिलिमीटरभर ढील द्या. खाच पटाशीने साफ केल्यावर तिच्यात मेण घासा, झाकण सुरेख सरकतं.

आतून-बाहेरून घाण्यावर काढलेलं कच्चं जवसाचं तेल पातळ लावून पुसून घ्या. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं नको, ते वाळत नाही आणि खवट होतं. तेलाची चिंधी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकते; उघडी पसरून वाळवा. तळाला दोन बारीक भोकं पाडा, म्हणजे ओल राहणार नाही.