पहिल्यांदाच फील्डवर्कला जाणाऱ्या मुलांना काय शिकवावं?

माळरान
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवते. यंदा मानवशास्त्राचा पेपर माझ्याकडे आलाय, त्यात फील्डवर्क आहे. १४ मुलं आहेत. गेल्या रविवारी त्यांना आमच्या आठवडी बाजारात नेलं. रात्री जागून २२ प्रश्नांची प्रश्नावली केली होती. दोन तासांत सगळे फॉर्म भरून हजर! वाचायला बसले तर हाती काहीच लागेना. ‘मासिक उत्पन्न: ५०००.’ पुढच्या फॉर्मवरही ५०००. ‘समस्या: पाणी.’ मिरच्यांचे वाटे लावून बसलेल्या एका आजींना आमच्या मुलीनं उत्पन्न विचारलं, तर त्या वाटे गोळा करून पिशवीत भरायलाच लागल्या. त्यांना वाटलं, बाजारपट्टीवाल्यांची कुणी आहे. मुलगी रडवेली होऊन परत आली.
अजून चार रविवार हातात आहेत. प्रश्नावली सुधारू, की मुळातच माझं चुकतंय?

आडवाट
प्रश्नावली सध्या कपाटात ठेवा, ताई. तिची वेळ यायची आहे.
माझं शिक्षण चाकणच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात झालं. आमच्या बाईंनी एवढंच बजावलं होतं: पहिल्या दिवशी कुणालाही काही विचारायचं नाही, मात्र कुणी तुला विचारलं तर खरं सांगायचं. मी दिवसभर उन्हात उभी राहिले आणि रात्री लिहिलं, ‘दोन इसम उपरण्याखाली हात धरून सौदा करत होते.’ बाईंनी वही वाचली आणि विचारत गेल्या. उपरणं कुणाचं होतं? हात किती वेळ आत होता? तोंडानं काय बोलत होते? शेजारी कोण उभं होतं? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मी पाहिलंच नव्हतं, नुसता अंदाज लिहिला होता.
पुढच्या शनिवारी तिथेच जाऊन उभी राहिले. तेव्हा दिसलं की बोटं भाव करतात आणि तोंडं मात्र पावसाचं, लेकीच्या लग्नाचं बोलत असतात. आजूबाजूच्यांना आकडा कळू नये म्हणून. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, मध्येच एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो.
तिसऱ्या शनिवारी एका शेतकऱ्यानंच मला हटकलं, “बाई, बैल घ्यायचाय का?” म्हटलं, नाही दादा, शिकायला आलेय. त्यांनी बैलाचा जबडा उघडून दात दाखवले. दातांवरून वय: दुधाचे दात असलेला आदत, दोन मोठे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, सगळे आलेला जुळलेला. माझ्या जुन्या फॉर्मात ‘जनावराचे वय’ असा रकाना होता. त्या दिवसापासून मी विचारायला लागले, “हा जुळला कधी?” त्यावर माणसं अर्धा अर्धा तास बोलायची. कुठल्या गोठ्यातला, कोणत्या दुष्काळात घेतला, जोडीतला दुसरा कुठे गेला. विचारायचा प्रश्न त्यांच्याच तोंडून मिळाला होता.
तेव्हा पहिल्या रविवारी एकच काम द्या: एक जागा, एक तास, खिशातली छोटी वही. घरी येऊन त्याच रात्री सविस्तर लिहायचं, झोपून उठल्यावर नाही. सकाळपर्यंत बोलण्यातले शब्द निसटतात आणि आपले घुसतात. पानाच्या डाव्या बाजूला पाहिलेलं-ऐकलेलं, उजवीकडे आपल्याला काय वाटलं ते. ‘गरीब’, ‘आपुलकीने’ असे शब्द डावीकडे आले की विचारा, काय दिसलं म्हणून असं लिहिलंस? आणि बोली सुधारू देऊ नका. ‘परवाडत न्हाय’ म्हणालं असेल कुणी, तर तसंच उतरवायचं.

नदीकाठ
आडवाट यांच्याशी बराचसा सहमत. पण नुसतं बस म्हटलं की बुजरी मुलं कोपऱ्यात मोबाइल काढून बसतात, हे मी पाहिलंय. हाताला काम द्या. बाजाराचा नकाशा काढायला लावा. कोण कुठे बसतं, सावली कुणाच्या वाट्याला, कुठल्या गावचे विक्रेते शेजारी शेजारी. फील्डवर्कसाठी प्रसिद्ध असलेला मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८च्या दरम्यान न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, गावात तंबू ठोकून. पण त्यानंही गावाचे नकाशे, वंशावळी, माणसांची गणना केलीच होती. मोजणं वाईट नाही.
दुसरं, फोटो. विचारल्याशिवाय एकही नको, आणि बायाबापड्यांचा तर नकोच. वहीत खरी नावंही नकोत.
गावातलाच मुलगा असेल तर त्याची अडचण वेगळी. त्याला सगळे ओळखतात, त्याची जातही माहीत असते. कोण त्याच्याशी किती मोकळं बोलेल, हे त्यावर ठरतं. तेसुद्धा त्यानं टिपायला हवं.

आडवाट
नकाशाचं पटलं, मी घालायला हवा होता. फक्त नकाशा दुसऱ्या रविवारी काढायला सांगा. पहिल्याच दिवशी हातात कागद-पट्टी दिसली की मोजणीवाले आले म्हणून पुन्हा पिशव्या भरल्या जातील.

माळरान
काल जाऊन आलो. त्याच मुलीला त्याच आजींच्या समोरच्या ओट्यावर बसवलं. आधी तिनं जाऊन सांगितलं, “आजी, मी कॉलेजात शिकते, पावतीवाली नाही, इथे बसू का?” आजी म्हणाल्या, “बस की.”
तिच्या वहीतलं डावीकडचं थोडं उतरवते, तिच्या परवानगीनं:
‘९.४० ला नऊ वाटे. एक वाटा मागे गोणपाटावर वेगळा. १०.०५ ला समोरचे वाटे संपत आले. एका बाईनं मागचा वाटा मागितला. आजी: “त्यो न्हाय, त्यो ठिवलाय.” १०.२० ला दुसरं गिऱ्हाईक, दहा रुपये जास्त देतो म्हणालं. आजींनी मान हलवली, पदर त्या वाट्यावर ओढला.’
उजव्या बाजूला एकच ओळ: ‘कुणासाठी ठेवला असेल?’
बाईसाहेब रात्रभर झोपल्या नाहीत, सकाळी कॉलेज उघडायच्या आत दारात हजर. पुढच्या रविवारी तेवढं एकच विचारायचं म्हणते. विचारू देऊ?

आडवाट
द्या. आणि मिरच्या विकत घेऊन, शेजारी बसून विचार म्हणावं. उभ्यानं नाही.