आडव्या बाटलीला 83 टक्के मतं, तरी दुकान चालूच. निवडणुकीत मात्र एका मताने विजय. कायद्याचा हिशेब नेमका कसा?

प्रश्न – कृष्णाकाठ

दारू दुकान बंद करण्यासाठी महिलांचं मतदान होतं (आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू), त्याबद्दल विचारतोय. उदाहरणासाठी आकडे धरू. यादीत महिला मतदार 1,412, मतदान 822. आडवी 683, उभी 121, बाद 18. तरी निकाल ‘ठराव नामंजूर’. ग्रामपंचायतीला मात्र तिरंगी लढतीत 35 टक्के मतांवर माणूस निवडून येतो. हा फरक कशामुळे? आणि उमेदवारांची मतं समसमान झाली, किंवा नोटाला सगळ्यात जास्त पडली, तर निकाल कसा लावतात? जाणकारांनी नियमाला धरून सांगावं.

उत्तर 1 – सातारी_माणूस

आधी बाटलीचं. इथे निम्मे कशाचे, यावर सगळं ठरतं. झालेल्या मतदानाचे निम्मे नव्हेत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. 1,412 चे निम्मे 706, म्हणजे 707 हवीत. 683 ही झालेल्या मतदानाच्या 83 टक्के आहेत, पण यादीच्या 48.4 टक्केच. म्हणून ठराव पडला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जी बाई मतदानाला आलीच नाही, तिचं मत हिशेबात उभ्या बाटलीकडेच गेलं. बाद मतांचंही तेच. दुकानदाराला एकही मत मागावं लागत नाही, बायका घरी राहिल्या की त्याचं काम झालं. माझ्या मते ही अट फार कडक आहे, पण आहे ती अशी आहे आणि तयारी तिला धरूनच करायला हवी.

तयारी सुरू होते मतदार यादीपासून. बहुतेक गावं मतदानाच्या मागणी अर्जावर सह्या गोळा करण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच गणित चुकतं. यादीत मयत बायकांची नावं असतात, लग्न होऊन गेलेल्या मुलींची असतात, दोनदा आलेली असतात. ही सगळी नावं तुमच्या विरोधात मोजली जातात. वरच्याच उदाहरणात अशी 60 नावं आधी कमी झाली असती, तर यादी 1,352 ची झाली असती, 677 मतं पुरली असती आणि त्याच 683 मतांवर दुकान बंद झालं असतं. नाव कमी करायला नमुना 7 भरून बीएलओकडे (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्यायचा, मयताच्या बाबतीत मृत्यू दाखला जोडायचा. हे काम अर्ज देण्याच्या काही महिने आधी उरकायला हवं, कारण चौकशी आणि हरकती यांत वेळ जातो.

मग सह्या. किमान 25 टक्के, म्हणजे 1,412 वर 353. प्रत्यक्षात 450 तरी घ्या, कारण पडताळणीत सह्या गळतात: यादीतलं नाव आणि सहीतलं नाव जुळत नाही, सासर-माहेरच्या आडनावाचा घोळ निघतो, एकाच हाताच्या दहा सह्या सापडतात, नाहीतर दबावाखाली कुणी ‘ही सही माझी नाही’ म्हणतं. प्रत्येक सहीपुढे यादीभाग आणि अनुक्रमांक लिहा, अंगठा असेल तर साक्षीदार घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं गाव असेल तर मतदान हंगामात येऊ नये म्हणून अर्ज कधी द्यायचा तेही ठरवा. दिवाळीनंतर निम्म्या वस्त्या रिकाम्या असतात.

आणि हे मतदान परवानाधारक दुकानापुरतं आहे. हातभट्टी बंद करायला मतदान लागत नाही, तो थेट गुन्हा आहे.

उत्तर 2 – मोजणी_टेबल

निवडणुकीचा भाग मी घेतो. आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, ग्रामपंचायत सगळीकडे सर्वाधिक वैध मतं मिळवणारा विजयी. पन्नास टक्क्यांची अट नाही, किमान मतदानाचीही नाही.

समसमान मतं: लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 65. निवडणूक निर्णय अधिकारी तिथल्या तिथे चिठ्ठी काढतो, ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त मिळाल्याचं धरून निकाल देतो. स्थानिक संस्थांच्या नियमांतही चिठ्ठीच आहे. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर दोघांनाही 5,946 मतं होती, चिठ्ठी शहांच्या नावाची निघाली. फेरमोजणी हवी असेल तर ती चिठ्ठीच्या आधी मागायची. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, सारख्याच घडीच्या आहेत ना, हे उमेदवाराच्या प्रतिनिधीने डोळ्यांनी पाहून घ्यावं.

नोटा: विधानसभा-लोकसभेत नोटा पहिल्या क्रमांकावर आला तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच विजयी. 2022 च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत नोटा 12,806 मतांनी दुसरा होता, निकालावर शून्य परिणाम. अनामत वाचवायला वैध मतांचा जो एक षष्ठांश लागतो त्याच्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. तिथेही ‘एक षष्ठांशापेक्षा जास्त’ हवीत, बरोबर एक षष्ठांश पडली तर अनामत गेली. स्थानिक संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये वेगळा आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक रद्द करून पुन्हा मतदान. तुमच्या निवडणुकीच्या वेळी लागू असलेला आदेश तहसीलमधून घेऊन वाचा.

उत्तर 3 – वकील_कोल्हापूर

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत. भर एवढीच की निम्म्याहून जास्त प्रकरणं कायद्यात हरत नाहीत, वेळेत हरतात.

विधानसभा-लोकसभेत शेवटच्या फेरीनंतर नमुना 20 (सगळ्या मतांच्या बेरजेचा अंतिम तक्ता) तयार होतो आणि अधिकारी एकूण मतं जाहीर करतो. ही निकालाची घोषणा नव्हे. इथे निवडणूक संचालन नियम 1961 मधल्या नियम 63 प्रमाणे लेखी, कारणांसह फेरमोजणीचा अर्ज द्यायचा असतो आणि त्यासाठी पुरेसा अवधी देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. नमुना 20 वर सही झाली की अर्ज करता येत नाही. गुलाल उधळायला निघालेली गर्दी आणि दमलेले प्रतिनिधी यांत ही दहा मिनिटं निसटतात. अर्जाचा मसुदा आधीच खिशात ठेवा. ‘मतमोजणी चुकीची वाटते’ एवढ्यावर अर्ज फेटाळला जातो. टेबल क्रमांक, फेरी, यंत्राचा क्रमांक, नमुना 17-सी (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब) मधला आकडा आणि मोजणीतला आकडा, असं लिहा. त्यासाठी मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावरून 17-सी ची प्रत घेतलेली हवी, नाहीतर टेबलावर ताडून पाहायला काहीच नसतं.

2024 ची मुंबई उत्तर पश्चिमची लोकसभा निवडणूक पाहा. यंत्रांतल्या मतांत अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतं 1,501 विरुद्ध 1,550. शेवटी वायकर 48 मतांनी विजयी. बाद टपाली मतं फरकापेक्षा जास्त असली की ती सगळी पुन्हा तपासूनच निकाल द्यावा लागतो. टपाली मताकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

व्हीव्हीपॅटच्या (मतदान यंत्राला जोडलेल्या, प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या आणि यंत्राचा आकडा जुळला नाही, तर नियम 56-डी नुसार चिठ्ठ्यांचा आकडा अंतिम. ग्रामपंचायतीला व्हीव्हीपॅट नसतं, म्हणून तिथे फेरमोजणी म्हणजे त्याच यंत्रावर निकालाचं बटण पुन्हा दाबून आकडे लिहिणं आणि बेरीज तपासणं. चुका बेरजेतच सापडतात.

निकाल जाहीर झाल्यावर अधिकारी तो बदलू शकत नाही, न्यायालयातच जावं लागतं. विधानसभा-लोकसभा: उच्च न्यायालय, 45 दिवस. ग्रामपंचायत: दिवाणी न्यायाधीश, 15 दिवस. मुंबई महापालिका: लघुवाद न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, 10 दिवस. नियम मोडला एवढं दाखवून बहुतेक वेळा भागत नाही, त्यामुळे निकालावर परिणाम झाला हे सिद्ध करावं लागतं. कीर्तिकरांची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये फेटाळली.

कृष्णाकाठ

कुणी आपल्या नावावर आधीच मतदान करून गेलं असेल, तर एक-दोन मतांच्या फरकात ते मत कुठे जातं?

वकील_कोल्हापूर

विधानसभा-लोकसभेत अशा मतदाराला ओळख पटल्यावर कागदी मतपत्रिका देतात, तिला टेंडर्ड मत म्हणतात. नमुना 17-बी मध्ये नोंद होते, ती पाकिटात बंद राहते आणि मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत. निवडणूक याचिकेत न्यायालयाने आदेश दिला तरच ते पाकीट उघडतं. म्हणून केंद्रावर अशा मतदाराला परत पाठवू नका, मतपत्रिका मागून घ्यायला लावा. फरक दोन मतांचा निघाला तर पुढे ते पाकीट तुमचा एकमेव पुरावा असू शकतं.