शब्दचर्चा: ‘दिवाळखोरीचा खर्च’ म्हणावं का?

हिशेबनीस: कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं हे मोजणाऱ्या, जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालातल्या भारताच्या तक्त्याचं मराठी करतोय, एका रकान्यापाशी गाडी अडली. कंपनी बुडाली की तिचं प्रकरण निकाली काढायला जो पैसा जातो, तो इस्टेटीच्या टक्क्यांत दिलाय. ‘दिवाळखोरीचा खर्च’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार, दिवाळं निघाल्यामुळे झालेलं नुकसान. ‘इस्टेट’ म्हटलं की वडिलोपार्जित वाडा आठवतो. काय लिहावं?

कोर्टकचेरी: आधी ‘दिवाळखोरी’ काढा. 2016 च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत देणी थकलेल्या कंपनीला ‘नादारी’ लागते आणि तोडगा निघाला नाही तर ‘अवसायन’, म्हणजे कंपनी मोडून, मालमत्ता विकून देणी भागवणं. ‘दिवाळखोरी’ हा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. पेपरवाले सरसकट सगळ्यांनाच दिवाळखोर करतात, ते सोडा. अवसायन शब्द जड वाटेल, पण बुडीत सहकारी बँकेत ठेव अडकलेल्या कुणालाही विचारा, ‘अवसायक’ म्हणजे कोण ते तो झोपेतही सांगेल.

खडूफळा: आमच्या शाळेत नादारी म्हणजे फीमाफी! गरिबाच्या पोराला ‘नादारी मिळाली’ की घरात आनंद व्हायचा.

कोर्टकचेरी: शब्द तोच, फारसी ‘नादार’, ज्याच्याकडे काही नाही तो. तुमच्याकडे नादारी मिळायची, आमच्याकडे लागते. आणि ‘दिवाळखोर’मधला ‘खोर’ बघा: लाचखोर, भांडखोर, चुगलखोर. सगळी दूषणं. ज्याचा धंदा मंदीत बसला त्याला हा शब्द लावणं मला पटत नाही. नादारमध्ये निदान शिवी नाही.

हिशेबनीस: ठीक, नादारी. पण खरा घोळ आकड्यांचा आहे. 2019 च्या अहवालात खर्च 9 टक्के, 2020 च्या अहवालातही 9 टक्केच. वेळ मात्र 4.3 वर्षांवरून 1.6 वर्षांवर आणि वसुली रुपयामागे 26.5 पैशांवरून 71.6 पैशांवर. खर्च तसूभर हलला नाही आणि वसुली अडीचपटीहून जास्त?

तारण: बँकेत वसुलीच्या टेबलावर होतो म्हणून सांगतो. हे आकडे खऱ्या खटल्यांच्या सरासरीचे नाहीत. अहवालवाल्यांनी एक काल्पनिक हॉटेल कल्पिलं, नाव ‘मिराज’ (मिरज नव्हे, मृगजळ!), 201 कामगार, 50 पुरवठादार, एका बँकेचं तारणकर्ज. असं हॉटेल मुंबईत किंवा दिल्लीत बुडालं तर काय होईल, हे तिथल्या वकिलांना आणि नादारी व्यावसायिकांना (अशी प्रकरणं हाताळणाऱ्या नोंदणीकृत तज्ज्ञांना) विचारायचं. कोर्ट फी, वकील, व्यावसायिकाचं मानधन, मूल्यांकन, लिलाववाला, सगळं धरून उत्तर: 9.

आता हिशेब. हॉटेल चालू स्थितीत विकलं तर 100 येतात, तुकड्यातुकड्यांनी विकलं तर 70 धरायचे. आधी या तज्ज्ञांची उत्तरं तुकड्यांची होती: 70 मधून 9 गेले, राहिले 61. मग चार-सव्वाचार वर्षांत फर्निचर झिजतं, पैसा उशिरा मिळतो म्हणून उरलेल्या रकमेवर व्याजाची वजावट, म्हणून साडेसव्वीस. नंतर उत्तरं चालू हॉटेल टिकवण्याकडे वळली: 100 वजा 9, म्हणजे 91, आणि झीज-व्याज फक्त 1.6 वर्षांचं, म्हणून 71.6. खर्च तोच, पण खरा मार वेळेचा आणि मोडतोडीचा होता. हा रकाना एकटा वाचला तर सुधारणा दिसतच नाही.

कोर्टकचेरी: प्रत्यक्षात मात्र मानधन वाढलंय. 2022 पासून तोडगा काढणाऱ्या नादारी व्यावसायिकाला किमान मानधन ठरवून दिलं, छोट्या प्रकरणातही महिन्याला लाखभर. संहितेचं कलम 53 बघा, अवसायनात वाटप करताना कार्यवाहीचा खर्च सर्वांत आधी आणि पूर्ण. त्यानंतर कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी आणि तारणवाले धनको. पुरवठादार बिचारा पार खाली. तोडग्याची मुदत 330 दिवसांची म्हणतात. जेट एअरवेजचं प्रकरण 2019 ला दाखल झालं आणि नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं अवसायनाचा आदेश दिला. मीटर तोवर चालूच.

हिशेबनीस: मग असं लिहितो: ‘नादारी कार्यवाहीचा खर्च (बुडीत कंपनीच्या मालमत्तेच्या टक्क्यांत)’. खाली टीप, की हा आकडा काल्पनिक हॉटेलाचा आहे. आणि अहवाल 2021 मध्ये बंद पडला, म्हणून मालिका तिथेच संपते.

खडूफळा: ‘बुडीत कंपनी’ नको, बुडीत कर्ज असतं. ‘नादार कंपनीच्या’ लिहा.

हिशेबनीस: लिहिलं.