मुलांच्या फीवर 80सी (इन्कम टॅक्समधली वजावट): पावती माझ्या नावावर, पैसे बायकोचे. क्लेम कोण करणार?

मदत हवी आहे. आम्ही दोघं नोकरीला, दोघंही टॅक्सच्या जुन्या रेजीममध्येच (होम लोन आहे, त्यामुळे नवीनमध्ये जा हा सल्ला नको). मुलं तीन, थोरली आठवीत आणि खालची जुळी सीनियर केजीत, शाळा दादरला. माझी 80सीची दीड लाखाची लिमिट पीएफ आणि होम लोनच्या मुद्दलातच भरते, बायकोची साधारण 70 हजार शिल्लक आहे.

एकाला दोनच मुलांची ट्यूशन फी दाखवता येते, डोनेशन आणि डेव्हलपमेंट फी धरत नाहीत, प्ले स्कूल-केजी चालतं, इतकं वाचून झालंय. घोळ असा की थोरलीची फी बायकोच्या खात्यातून यूपीआयने गेली पण पावतीवर पालक म्हणून माझं नाव, आणि त्यात ट्यूशन फी, टर्म फी, कॉम्प्युटर फी असं वेगवेगळं लिहिलंय. शाळेच्या ऑफिसात दोन चकरा मारल्या, नाव बदलून मिळणार नाही म्हणतात. तिच्या एचआरने प्रूफ परत पाठवलं.

आता रिटर्न भरताना बँक स्टेटमेंट जवळ ठेवून बायकोने थेट क्लेम केला तर चालेल का, की पावतीवर तिचंच नाव लागतं? आणि टर्म फी ट्यूशनमध्ये धरायची का? कोणी स्वतः असं केलंय का?