रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात बदल सुचवायचा असेल, तर पत्र कोणाच्या नावे लिहावे?

प्रश्न (ब्युरेट, डोंबिवली):
मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. पोटॅशियम डायक्रोमेटने लोहाचे अनुमापन (टायट्रेशन) करण्याचा, म्हणजे द्रावणातले लोहाचे प्रमाण मोजण्याचा प्रयोग आमच्याकडे आहे. डायफिनाइलअमाइन या दर्शकाचा निळा-जांभळा रंग उमटला की मुले खूश होतात. पण ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या काचेच्या नळीत) उरलेले नारिंगी द्रावण, म्हणजे विषारी षट्संयुजी क्रोमियम, सरळ बेसिनमध्ये जाते. हा प्रयोग बदलावा असे मला वाटते. विज्ञान शाखेचे प्रमुख अधिष्ठाता असतात, तेव्हा पत्र त्यांनाच लिहावे का?

उत्तर (निवृत्त मास्तर, दादर):
मॅडम, अधिष्ठाता म्हणजे शाखेचे प्राचार्य, हा समज फार जणांचा असतो. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठात्यांची निवड विद्याशाखेचे सदस्य करीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 आल्यापासून ते पूर्णवेळ, पगारी अधिकारी झाले. याच कायद्याने विज्ञान आणि तंत्रज्ञान ही एकच विद्याशाखा केल्यामुळे रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी आता एकाच अधिष्ठात्यांच्या अखत्यारीत येतात. कोणता प्रयोग ठेवावा आणि कोणता काढावा, याचा विचार त्यांच्या टेबलावर नव्हे, तर रसायनशास्त्राच्या अभ्यासमंडळात, म्हणजे त्या विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळात होतो. मंडळात विद्यापीठ विभागाच्या प्रमुखांबरोबर संलग्न महाविद्यालयांतले शिक्षकही असतात. मंडळाने केलेली शिफारस विद्याशाखेपुढे येते, जिथे अधिष्ठाता अध्यक्षस्थानी आणि वेगवेगळ्या अभ्यासमंडळांचे अध्यक्ष सदस्य म्हणून बसतात; तिथून ती विद्यापरिषदेकडे जाते आणि अभ्यासक्रमावर शिक्कामोर्तब तिथेच होते. अधिसभेचे (सिनेटचे) नाव निवडणुकीमुळे वर्तमानपत्रांत जास्त दिसते, पण तुमच्या ब्युरेटशी तिचा संबंध येत नाही. तेव्हा पत्र अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांच्या नावे लिहा, तेही विभागप्रमुखांच्या सहीने आणि प्राचार्यांमार्फत. नुसते "हा प्रयोग काढा" असे कळवू नका. पर्यायी प्रयोग, लागणारी रसायने आणि एका बॅचला लागणारा वेळ, एवढे तरी सोबत जोडा. पर्याय हातात नसला की मंडळात चर्चा "पुढच्या बैठकीत पाहू" या वाक्यावर येऊन थांबते, हे मी त्या खुर्चीत बसून पाहिले आहे.

उत्तर (तिसरी बॅच, माटुंगा):
आमचे महाविद्यालय स्वायत्त आहे, त्यामुळे अभ्यासमंडळ आणि विद्यापरिषद आमची स्वतःची आहे, आणि असा बदल आम्हाला घरातल्या घरात करता येतो. पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. स्वायत्त म्हटले की मोकळे रान, असे कोणाला वाटत असल्यास आमच्या मंडळावर विद्यापीठाचा प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञ बसतात, हेही लक्षात घ्यावे.

ब्युरेट:
सर, आभारी आहे. मंजुरी येईपर्यंत आमच्यापुरता आम्हीच प्रयोग बदलला तर चालेल का?

निवृत्त मास्तर:
ते करू नका. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. अभ्यासक्रमात नसलेला प्रयोग वहीत दिसला, तर प्रश्न तुम्हाला नव्हे, मुलांना विचारले जातील. मात्र उरलेल्या द्रावणाचे काय करायचे, हा अभ्यासक्रमाचा नव्हे, प्रयोगशाळेच्या शिस्तीचा भाग आहे, आणि त्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक टेबलावर "क्रोमियम" अशी चिठ्ठी लावलेली एक बाटली ठेवा, आणि साठलेले द्रावण विल्हेवाटीसाठी बाहेर देण्याचा खर्च विभागाच्या अंदाजपत्रकात मागा. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीपुढे येते, त्यामुळे ही मागणी प्राचार्यांनी बैठकीआधी वाचलेली असेल असे पाहा.