ऑटोकॅडच्या ॲड-ऑनचा परवाना संगणकाच्या कोणत्या क्रमांकाशी बांधावा?

प्रश्न:
बार बेंडिंग शेड्यूल (बांधकामातील सळयांच्या लांबीचा व वाकवणीचा तक्ता) तयार करणारे, सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले, ऑटोकॅड या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरचे एक ॲड-ऑन (जोड-प्रोग्राम) मी लहान स्थापत्य कार्यालयांना विकतो. एक परवाना एकाच संगणकावर चालावा, म्हणून नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) आणि सी ड्राइव्हचा व्हॉल्यूम क्रमांक जोडून त्यांचा एक हॅश (त्या माहितीवरून गणिताने काढलेला ठसा) परवान्यात ठेवला आहे. परंतु ग्राहकाने वायफाय सोडून केबल लावली किंवा ड्राइव्ह फॉरमॅट केला की प्रामाणिक ग्राहकाचाही परवाना अमान्य ठरतो. त्याऐवजी प्रोसेसरचा क्रमांक वापरावा का?

उत्तर १:
प्रोसेसरचा क्रमांक वापरू नये. विंडोज ज्याला प्रोसेसर-आयडी म्हणते, तो त्या नगाचा नसून प्रोसेसरच्या जातीचा असतो, त्यामुळे एकाच मॉडेलच्या सर्व संगणकांवर तो सारखाच येतो. प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक देण्याचा प्रयत्न इंटेलने १९९९ मध्ये पेंटियम ३ मध्ये केला होता, पण खासगीपणाच्या मुद्द्यावरून ओरड झाली आणि पुढे तो सोडून देण्यात आला. व्हॉल्यूम क्रमांक फॉरमॅट करताना तयार होतो, म्हणजे त्याला हार्डवेअर म्हणणेच चूक आहे. मदरबोर्डच्या फर्मवेअरमधील (त्यातच साठवलेल्या मूळ प्रोग्राममधील) यूयूआयडी हा ओळख क्रमांक मात्र विंडोज नव्याने टाकले तरी टिकतो. अडचण एवढीच, की सुटे भाग जोडून बनवलेल्या काही संगणकांत ती जागा कारखान्यात भरलेलीच नसते आणि तिथे नुसते शून्य किंवा एफ दिसतात. असे मूल्य आले तर ते मोजणीतून वगळावे.

मूळ चूक वेगळीच आहे. सर्व घटक एकत्र करून एकच हॅश काढला की नेमके काय बदलले हे कळण्याचा मार्गच उरत नाही. यूयूआयडी, डिस्कचा अनुक्रमांक, मॅक पत्ता आणि विंडोजचा मशीन-गाइड (विंडोज टाकताना तयार होणारा ओळख क्रमांक) यांचे चार स्वतंत्र हॅश ठेवा आणि दोन जुळले तरी परवाना मान्य करा. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीचे ॲक्टिव्हेशनही (परवान्याची तपासणी) काही बदल असेच खपवून घेत असे.

उत्तर २:
वरील सूचनेत एक दुरुस्ती सुचवतो. एकाच डिस्क-प्रतिमेवरून (संपूर्ण डिस्कच्या तयार प्रतीवरून) दहा संगणक तयार केले तर त्या दहांवर मशीन-गाइड सारखा येऊ शकतो, म्हणून जुळणाऱ्या दोहोंपैकी एक तरी खरे हार्डवेअर असावे, अशी अट घाला. परवान्याची फाईल फक्त आपल्याकडे असलेल्या खासगी किल्लीने (गुप्त संकेताने) डिजिटल पद्धतीने स्वाक्षरित करून ॲड-ऑनमध्ये केवळ ती स्वाक्षरी तपासणारी सार्वजनिक किल्ली ठेवा, म्हणजे कोणाला बनावट परवाना तयार करता येणार नाही. अर्थात डॉट-नेटचा, म्हणजे सी-शार्पमधील ॲड-ऑन ज्यावर चालते त्या प्रणालीचा, कोड आयएलस्पायसारख्या साधनाने उघडून वाचता येतो, त्यामुळे तपासणीच काढून टाकणाऱ्याला हे थोपवू शकत नाही. त्याच्यामागे धावण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे.

उत्तर ३:
मी विक्रेता नाही, असली ॲड-ऑन वापरणारा ड्राफ्ट्समन आहे. आमच्या कार्यालयातील संगणकाचा मदरबोर्ड शनिवारी संध्याकाळी जळाला आणि परवाना हलवून देणारे सोमवारी उघडणार होते, तर रेखाचित्रे साइटवर रविवारीच हवी होती. जुळणी फसली तरी सात दिवस काम चालू राहील आणि जुन्या संगणकावरचा परवाना ग्राहकालाच सोडवता येईल, एवढी सोय ठेवावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. चार स्वतंत्र हॅश आणि सात दिवसांची मुदत पुढच्या आवृत्तीत घेतो. जुना संगणक सुरूच होत नसेल, तर परवाना सोडवण्याची विनंती ईमेलवरून घेऊन मी स्वतः नोंद बदलीन.